जुन्या पिकअपची चेसिस गंजापासून कशी वाचवायची? दादर, लालबाग, गिरगावच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांसाठी सविस्तर माहिती

वाडा, विक्रमगड, शहापूर, मुरबाड भागातून रोज रात्री फुलं आणि भाजीपाला भरून पिकअप मुंबईकडे निघतात. पहाटेच्या आत दादरच्या फूल मार्केटला माल उतरला तर भाव मिळतो, उशीर झाला तर मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. गणपतीच्या दिवसांत याच गाड्या लालबाग-परळच्या कार्यशाळांतून मूर्ती नेतात आणि विसर्जनाला गिरगाव चौपाटीपर्यंत जातात. यातल्या बऱ्याच गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या आहेत. मालक इंजिनचं काम वेळेवर करून घेतो, टायर बदलतो, पण गाडीखाली शिरून चेसिस बघणारे फार थोडे. आणि जुनी पिकअप बहुतेक वेळा इंजिनमुळे नाही, चेसिसमुळे संपते.

हा लेख त्यासाठीच आहे. गंज कुठे धरतो, कसा ओळखायचा, घरी काय करता येतं, गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं आणि कुठल्या टप्प्यावर गाडी सोडून द्यायची, हे सगळं एका जागी दिलं आहे. लेख सेव्ह करून ठेवा, पावसाळ्याआधी उपयोगी पडेल.

चेसिस गेली म्हणजे काय जातं?

पिकअप ही कारसारखी एकसंध पत्र्याची गाडी नसते. खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो. दोन लांब उभे बार आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे क्रॉस मेंबर. यालाच आपण चेसिस म्हणतो. इंजिन, केबिन, हौदा, डिझेल टाकी, मागचे पाटे, सगळं या शिडीला बोल्टने किंवा रिबिटने बसवलेलं असतं. केबिनचा पत्रा सडला तर गाडी वाईट दिसते. चेसिस सडली तर गाडी रस्त्यात बसते.

माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव सांगतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडू भरून दादरला निघालो होतो. परळच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागच्या पाट्याचा हँगर चेसिसपासून सुटला. हौदा एका बाजूला कलला. दुसरी गाडी शोधून माल हलवेपर्यंत उजाडलं. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यालाच विकतो, दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही. नंतर मिस्त्रीने खाली टॉर्च मारून दाखवलं. हँगरच्या मागचा पत्रा वरून काळा कुळकुळीत दिसत होता, पण बोट दाबलं की पापुद्रे हातात येत होते. आदल्या वर्षी मीच त्यावर काळा थर मारून घेतला होता. गंज न काढता.

गंज धरतो कसा?

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंज सुरू होतो. मीठ मिळालं की तो कितीतरी वेगाने वाढतो. मीठ दोन कामं करतं. एक, ते ओलाव्यात विरघळून गंजाची क्रिया पुढे ढकलतं. दुसरं, ते हवेतलं पाणी ओढून धरतं. म्हणून मीठ बसलेली चेसिस पाऊस नसतानाही दमट हवेत ओली राहते. मुंबईची हवा समुद्रामुळे जवळपास वर्षभर दमट असते.

दुसरी गोष्ट. गंज उघड्या, सपाट जागी हळू वाढतो. दोन पत्रे एकमेकांवर आले आहेत, फटीत चिखल अडकला आहे, पाणी जायला वाट नाही, अशा जागी तो आतून वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगतो, दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो, बोल्ट-रिबिट सैल करतो. बाहेरून रंगाला फोड आलेला दिसतो तेव्हा आत बरंच काम झालेलं असतं.

आणि मीठ फक्त समुद्राचं नसतं. आपण शेतात टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. लोखंडाच्या दृष्टीने ते मिठासारखंच. पोटॅशची किंवा मिश्र खताची गोणी फुटली आणि हौद्यात खत सांडलं, तर झाडून भागत नाही, धुवावं लागतं. शेणखत नेलं तरी तसंच. ओलं शेण चेसिसच्या खाचेत बसलं की महिनोन् महिने ओल धरून ठेवतं.

मुंबईच्या फेरीत गाडीला कुठे काय लागतं?

दादर: सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि आजूबाजूचा परिसर पहाटेपासून ओला असतो. फुलं ताजी राहावीत म्हणून आपणही गोण्यांवर पाणी मारतो. हे पाणी हौद्याच्या फळ्यांतून किंवा पत्र्याच्या सांध्यातून थेट चेसिसच्या वरच्या बाजूला उतरतं. चेसिसची ती बाजू गाडीखाली झोपूनही नीट दिसत नाही. फुलांच्या गाड्यांच्या चेसिस बहुतेक वेळा वरून सडतात, ते यामुळे.

हिंदमाता आणि परळ: हा भाग बशीसारखा खोलगट आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि रस्त्यावर ते तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तो दिवस तिथून फिरणारा कोणी विसरलेला नाही. आता महापालिकेने हिंदमाताचं पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. तरीही पावसाळ्यात त्या बाजूने जाताना पाणी लागू शकतं हे धरूनच निघावं. हे पाणी साधं पावसाचं नसतं. त्यात गटाराचं पाणी आणि गाळ असतो आणि तो गाळ चेसिसच्या पोकळीत बसतो.

लालबाग-परळ: गणेशमूर्तींच्या कार्यशाळांतून भाडी करताना शाडूची माती, प्लॅस्टरचा चुरा, ओलं गवत, काथ्या हौद्याच्या कोपऱ्यात राहतो. ही माती स्वतः गंज आणत नाही, पण ओल धरून ठेवते. भाडं संपलं की हौदा झाडून पाण्याची भोकं मोकळी करावीत.

गिरगाव चौपाटी: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. विसर्जनाच्या दिवशी गाडी वाळूपर्यंत गेली, चाकं ओल्या वाळूत रुतली, एखादी लाट खाली येऊन गेली, की खारं पाणी ब्रेक ड्रम, पाटे, हँगर, चेसिसची भोकं सगळीकडे शिरतं. पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उडणारं पाणीही खारंच असतं. गाडी चौपाटीला गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गोड्या पाण्याने खालून धुतलीच पाहिजे. आठवडाभर थांबलात तर मीठ खाचेत वाळून बसतं आणि पहिल्या ओलीला परत कामाला लागतं.

मासळी: भाऊचा धक्का किंवा ससून डॉकवरून मासळीची भाडी करणाऱ्यांनी रोजच चौपाटीला गेल्यासारखं वागावं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून दिवसभर गळत असतं.

अर्ध्या तासाची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके लावा, नाहीतर वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर तपासणी करा. हातात टॉर्च, छोटी हातोडी, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचा ब्रश घ्या.

या जागा क्रमाने बघा:

- मागच्या पाट्यांचे पुढचे आणि मागचे हँगर, शॅकल आणि ते जिथे चेसिसला बसतात ती जागा
- मागच्या एक्सलच्या वरचा चेसिसचा वाकलेला भाग. चाकांचा चिखल इथेच उडतो
- क्रॉस मेंबरचे सांधे
- हौद्याखालचे आडवे बार आणि चेसिस यांच्यामधली जागा. इथे लाकूड किंवा रबर असेल तर त्याखाली हमखास ओल असते
- केबिन ज्या रबरांवर बसते ते ब्रॅकेट
- पुढच्या चाकांच्या मागची बाजू
- डिझेल टाकीचे पट्टे
- स्टेपनीची साखळी आणि हँगर
- बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा भाग. बॅटरीचं ॲसिड लोखंड खातं
- ब्रेकचे लोखंडी पाइप, खास करून चेसिसला क्लिपने धरलेल्या जागी

हातोडीने चेसिसवर हलके ठोके मारत चला. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. सडलेली जागा भद्द आवाज करते. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. नुसती लाल पावडर निघाली तर गंज वरचा आहे, तो काढता येतो. पापुद्रे निघाले तर पत्रा पातळ झाला आहे. टोक आत गेलं तर गाडी माल भरून रस्त्यावर काढू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. ब्रेक पाइपवर मात्र हातोडी मारू नका. कापडाने पुसून डोळ्यांनी बघा. पाइपला खड्डे पडले असतील किंवा सांध्याजवळ ओल दिसत असेल तर पाइप बदलायचाच. घाटात ब्रेक गेल्यावर पाइपची किंमत कोणी विचारत नाही.

तपासताना प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तीच जागा परत बघितली की गंज वाढला की थांबला ते लगेच कळतं.

धुणं आणि वाळवणं: सगळ्यात स्वस्त इलाज

चेसिस वाचवायला महागडा थर लागत नाही, आधी गोडं पाणी लागतं. गाडी धुताना आपण केबिन आणि काचा चमकवतो, खाली दोन फवारे मारून सोडतो. ते उलटं करा.

- पाइपचा फवारा चेसिसच्या आत, भोकांतून आणि हौद्याखाली धरा. खालून निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत मारा.
- मीठ नुसत्या पाण्याने विरघळतं, त्यासाठी साबणाची गरज नाही. तेलकट चिखल असेल तर शाम्पू वापरा.
- किनाऱ्याकडच्या गावांत बोअरचं पाणी मचूळ असतं. अशा पाण्याने धुतलं तर आपणच मीठ लावतो. विहिरीचं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा.
- प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, वायरिंगच्या जोडांवर, अल्टरनेटरवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर जवळून मारू नका.
- चेसिसला आणि हौद्याला खाली पाणी जायची भोकं असतात. जाड तार घालून ती मोकळी करा. पाणी आत साचलं तर धुणंच महागात पडतं.
- धुतल्यावर गाडी थोडी फिरवून आणा आणि फाळका उघडा टाकून उन्हात उभी करा. ओली गाडी ताडपत्रीने झाकून ठेवू नका. ताडपत्रीखाली वाफ धरते.
- रात्री गाडी गवतावर किंवा चिखलात उभी करू नका. मुरूम, फरशी किंवा सिमेंटची जागा बघा.

रोज दादरला जाणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा खालून धुणं पुरेसं आहे. चौपाटी किंवा मासळीची फेरी झाली, पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी आली, की त्याच दिवशी.

गंज काढून थर द्यायची पद्धत

हे काम दिवाळीनंतर ते मे या कोरड्या दिवसांत करा. पावसाळ्यात केलेलं काम टिकत नाही, कारण लोखंड आतून कोरडं होत नाही.

१. चेसिस पूर्ण धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

२. सुटलेले पापुद्रे पटाशीने किंवा खरवडणीने काढा. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश वापरा. ग्राइंडर चालवताना डोळ्यांना चष्मा हवाच, तारा तुटून उडतात. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा.

३. थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने तेल-ग्रीस पुसून काढा. तेलावर रंग धरत नाही. जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग नको.

४. खाचांत थोडा गंज राहतोच. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड असतं. ते गंजाशी क्रिया करून त्याचा घट्ट काळसर थर बनवतं. मात्र सुटलेल्या पापुद्र्यांवर ते काम करत नाही, म्हणून आधी खरवडणं आवश्यक. हातमोजे घाला आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या.

५. त्यावर प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. चेसिससाठी इपॉक्सी किंवा झिंकचा प्रायमर जास्त टिकतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. कडा आणि वेल्डिंगच्या रेघांवर ब्रशने एक हात जास्त द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

६. प्रायमर हा शेवटचा थर नव्हे. तो नुसता ठेवला तर पाणी शोषतो. वरून चेसिस ब्लॅक किंवा इनॅमल रंगाचे दोन हात द्या.

७. चाकांच्या मागे जिथे खडी उडते तिथे अंडरबॉडी कोटिंग द्या. डांबरासारखं कोटिंग स्वस्त पडतं, पण काही वर्षांत कडक होऊन तडकतं आणि तडीतून पाणी आत शिरतं. रबरासारखं लवचीक कोटिंग त्यापेक्षा बरं. कुठलंही असो, दरवर्षी एकदा टोकरून बघा. कोटिंग पोकळ वाजत असेल तर त्याखाली गंज आहे. तेवढा भाग काढून परत करा.

८. चेसिसच्या बंद पोकळ्यांत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीने मेणाचा पातळ फवारा मारून घ्या. तो वाळून कडक होत नाही, फटीत पसरतो. शेवटी पाण्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघा.

गंजावर थेट काळा थर मारणं ही सगळ्यात मोठी चूक. आतली ओल आणि मीठ बंद होऊन बसतं, वरून गाडी नवी दिसते आणि मालक निर्धास्त होतो. न रंगवलेली चेसिस निदान डोळ्यांना दिसते तरी.

काळं ऑइल मारावं का?

आपल्याकडे इंजिनचं जळकं काळं ऑइल चेसिसवर मारायची जुनी पद्धत आहे. ऑइलने पाणी काही काळ लांब राहतं हे खरं. पण तोटे जास्त. ते बुश आणि होसपाइपचं रबर फुगवतं, त्यावर धूळ बसून जाड लेप तयार होतो, आणि ब्रेक ड्रममध्ये गेलं तर ब्रेक लागत नाही. सायलेन्सरवर पडलं तर धूर येतो, आगीचाही धोका असतो. पावसात ते धुऊन अंगणात आणि विहिरीकडे जातं. त्याऐवजी मेणाचं कोटिंग किंवा बोल्टच्या आट्यांवर साधं ग्रीस लावा. काहीही फवारताना ब्रेक, सायलेन्सर, रबरी भाग आणि वायरिंग कागदाने झाकून घ्या.

वेल्डिंग कधी, कसं?

भोक छोटं असेल, हँगरची जागा असेल, क्रॉस मेंबरचं टोक असेल, तर चांगला मिस्त्री पट्टी लावून काम करू शकतो. पण काही गोष्टी समोर उभं राहून करून घ्या:

- सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा. सडलेल्या पत्र्यावर वरून पट्टी मारली तर वेल्ड धरतच नाही.
- पट्टीची जाडी मूळ चेसिसएवढी असावी. पट्टीची टोकं सरळ कापलेली नकोत, तिरकी हवीत. सरळ आडव्या वेल्डच्या रेघेवर चेसिसला तडा जातो.
- उभ्या बारच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवीन भोक पाडू नका. सगळा ताण तिथेच असतो.
- वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायर काढा. नवीन गाडीत इंजिनचा कंप्युटर असतो, तो जळू शकतो. डिझेल टाकी आणि ब्रेक पाइप जवळ असतील तर काढून बाजूला ठेवा. पाण्याची बादली आणि वाळू जवळ असू द्या.
- वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळतो. बाहेरून रंग मारून थांबू नका, आतूनही फवारा मारून घ्या. नाहीतर नवीन पट्टी आतून सडते.

दोन्ही उभे बार अनेक जागी सडले असतील, हौदा आणि केबिन यांच्यामध्ये चेसिस वाकलेली दिसत असेल, तर पट्ट्या मारत बसू नका. तो खर्च परत मिळत नाही आणि ती गाडी चालवणाऱ्याच्या जिवावर उठते.

जुन्या पिकअपची बाकी देखभाल

गंजाबरोबर या गोष्टीही सांभाळा:

- पाट्यांचे यू-बोल्ट दर महिन्याला कसा. पाट्याची एखादी पट्टी तुटली असेल तर तशीच पळवू नका, सगळा धक्का चेसिसवर येतो.
- ग्रीसिंगच्या जागा पावसाळ्यात जास्त वेळा भरा. जुनं पाणी धरलेलं ग्रीस बाहेर निघेपर्यंत नवं भरावं.
- ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, मग ब्रेकचे लोखंडी भाग आतून गंजतात.
- कूलंट ऐवजी नुसतं पाणी घालू नका. रेडिएटर आणि इंजिनची पाण्याची वाट आतून गंजते.
- आरसी बुकवर जेवढं वजन आहे तेवढंच भरा. ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये अशी कायद्यात तरतूद आहे. पण दंडापेक्षा मोठं नुकसान चेसिसचं होतं. गंजाने पातळ झालेला बार ओव्हरलोडमध्येच तुटतो.

पाणी तुंबलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं. गाडी ढकलून बाहेर काढा. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी आली असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं ऑइल तपासून घ्या. ते दुधी चहासारखं दिसलं तर पाणी गेलं आहे, लगेच बदला.

फिटनेस आणि चेसिस नंबर

माल वाहतुकीच्या गाडीला ८ वर्षांपर्यंत फिटनेस २ वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. १५ वर्षांवरच्या गाडीचं शुल्क बरंच जास्त आहे. म्हणजे जुन्या गाडीला दरवर्षी तपासणीला उभं राहायचंच आहे. ब्रेक पाइप, स्टेअरिंग आणि चेसिस त्याआधी महिनाभर तपासून घ्या, ऐन वेळी धावपळ होत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चेसिस नंबर चेसिसच्या लोखंडावरच ठोकलेला असतो. फिटनेस, ट्रान्स्फर, बँकेचं काम, सगळीकडे त्याची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. त्या जागी गंज धरला आणि आकडे पुसट झाले तर गाडी चालू असूनही कागदावर अडकते. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. हलक्या हाताने ब्रश मारून ग्रीस किंवा मेण लावून ठेवा आणि स्वच्छ फोटो काढून ठेवा. नंबर स्वतःहून परत ठोकून घेणं हा गुन्हा ठरू शकतो. आकडे गेलेच असतील तर आधी आरटीओकडे अर्ज करा.

जुनी गाडी किंवा सुटे भाग घेताना

आपल्या भागात मुंबई पासिंगच्या जुन्या पिकअप बऱ्याच येतात. ताडदेवचं एमएच-०१ असो की वडाळ्याचं एमएच-०३, गाडी समुद्राजवळ राहिलेली आहे हे धरूनच बघा. गाडी कुठे उभी राहायची, कशाची भाडी करायची, हे विचारा. मासळीची गाडी असेल तर हौद्याच्या फळ्या काढून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. खालून नवीन काळा थर मारलेला दिसला तर खूश होऊ नका, हातोडी काढा.

सुट्या भागांसाठी गिरगावजवळचा ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडचा बाजार जुना आहे. हँगर, शॅकल, ब्रेक पाइप, केबिनची रबरं घ्यायला जाताना जुना भाग सोबत न्या, मॉडेल आणि वर्ष लिहून न्या. पक्कं बिल घ्या. पूर्ण चेसिस मात्र कागदाशिवाय कुठूनही घेऊ नका. तिच्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर असतो आणि चौकशी तुमच्या दारात येते.

गाडी सोडूनच द्यायची असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देण्याऐवजी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळण्याची सोय आहे, आणि जुना नंबर आरटीओच्या नोंदीतून रीतसर निघतो. नाहीतर उद्या त्या नंबरने काही घडलं तर नाव तुमचंच.

वर्षाचं वेळापत्रक

- एप्रिल-मे: पूर्ण तपासणी, गंज काढणं, प्रायमर, रंग, कोटिंग. पाण्याची भोकं मोकळी करणं.
- जून ते ऑगस्ट: आठवड्याला खालून धुणं, पंधरा दिवसांनी ग्रीसिंग, उघडीप मिळाली की गाडी उन्हात.
- गणपती: मूर्तीचं भाडं झालं की हौदा साफ. चौपाटीहून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं, ब्रेक ड्रम उघडून बघणं.
- दसऱ्याच्या आधी: पाटे, हँगर, यू-बोल्ट, ब्रेक पाइप तपासणं. झेंडूची गाडी याच दिवसांत सगळ्यात जास्त भरते.
- दिवाळीनंतर: कुठे रंग उडाला, कोटिंग सुटलं ते बघून तेवढा भाग दुरुस्त करणं.

यातलं काहीच जमलं नाही तर निदान एक करा. या रविवारी टॉर्च आणि हातोडी घेऊन मागच्या पाट्यांचे हँगर वाजवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आवाज खणखणीत आला तर बरं, नाही आला तर गाडी अजून दारात उभी असताना कळलं, हे जास्त बरं.